गिरिपुष्पाखालचा लिंब

जालना जिल्ह्यात जंगलाखालची जमीन शेकडा एकाच्या आसपास. बियाणं, सळई आणि मोसंबी यांसाठी हा जिल्हा ओळखला जातो; जंगलासाठी त्याचं नाव कुणी घेत नाही. अशा ठिकाणी बसून झाडाखालच्या रोपट्याला किती उजेड मिळतो यावर वाद घालणं म्हणजे कोरड्या विहिरीवर मोट बांधणं, असं कुणी म्हणेल. मला उलट वाटतं. कोकणातलं रान माणसाच्या चुका पोटात घालतं. इथे सातशे मिलिमीटरच्या मागेपुढे पाऊस, तोही चार महिन्यांत आटोपणारा. एक हंगाम चुकला की रोप गेलं. झाडाला काय लागतं हे अशा जागी जास्त स्वच्छ दिसतं.

वाद मामा-भाचीचा आहे. मामा वनपाल म्हणून निवृत्त झाले. नोकरी भोकरदन-जाफराबादकडे आणि शेजारच्या बुलढाण्यात झाली. भाची जालन्यात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि घनवनाची, म्हणजे मियावाकी पद्धतीच्या दाट लागवडीची, कट्टर पुरस्कर्ती आहे. निमित्त एका टेकाडाचं. भोकरदनच्या उत्तरेला अजिंठ्याच्या रांगा उतरत येतात, तिथे गिरिपुष्पाचं जुनं रोपवन आहे. त्याच्या सावलीत, कुणी न लावता, कडुलिंबाची रोपं उगवली आहेत. गुडघाभर, फार तर कमरेइतकी. मेली नाहीत आणि वाढतही नाहीत. त्यांचं काय करायचं, एवढाच प्रश्न.

मामा: करायचं काय? वरचं गिरिपुष्प छाटायचं. उजेड आला की लिंब आपोआप उठतो. आम्ही आयुष्यभर तेच केलं.

भाची: आणि उजेड आला की सगळ्यात आधी कोण उठतं, मामा? कुसळी. पवन्या. गवताला भर उन्हात जी गती येते ती लिंबाच्या रोपाला कधीच येणार नाही. झाडाचं पान थोड्या उन्हातच पोट भरून बसतं, पुढचं ऊन वाया जातं. गवत मात्र भर दुपारचं ऊनही खात राहतं. तुम्ही लिंबासाठी खिडकी उघडणार आणि आत गवत शिरणार. ते वरच्या थरातलं पाणी पिणार आणि मार्चमध्ये पेटणार.

मामा: पेटणार, हे खरं. पण गवत मी कापून नेऊ देतो. गुरं सोडायची नाहीत, विळा लावायचा. चारा मिळतो म्हटल्यावर गावच राखण करतं.

मामांच्या या वाक्यात त्यांची सगळी नोकरी आहे. त्यांच्या लेखी झाडाचा पहिला शत्रू शेळी, दुसरा आग, तिसरी तहान; उजेडाचा नंबर त्यानंतर. भाचीच्या लेखी पान म्हणजे हिशेबाची वही. किती ऊन जमा, किती खर्च.

भाची: तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, एवढंच मी म्हणते. सावलीत गेलो की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि आपल्याला वाटतं, चांगला उजेड आहे की. मोजणी-यंत्र लावा. मे महिन्याच्या दुपारी उघड्यावर लाखभर लक्स. वडाखाली पाय टाकला की त्याचे काही हजार उरतात. आपल्याला तिथे पेपर वाचता येतो, पण रोपाचं पोट भरत नाही. रोप रात्रंदिवस श्वास घेतं, त्यात साखर जळते. दिवसा कमावलेली साखर या खर्चाला जेमतेम पुरते असा उजेडाचा एक तळ असतो. त्याखाली गेलं की रोप साठवलेल्यावर जगतं. टेकाडावरचे लिंब त्या तळाच्या जरा वर आहेत.

मामा: मग तूच सांगतेस की छाटा म्हणून!

भाची: सगळं छाटू नका म्हणते. कवडसे पुरतात. दाट रानात खालच्या पानांना दिवसभरात जो उजेड मिळतो, त्यातला मोठा वाटा हलत्या कवडशांतून येतो. पान काही मिनिटं उन्हात आलं की जागं होतं, आणि ऊन सरकल्यावरही थोडा वेळ त्या तयारीत राहतं. पुढचा कवडसा आला की लगेच कामाला लागतं.

मामांना कवडशांचं पटलं नाही. सदाहरित रानात पटेल, म्हणाले, पण आपल्याकडे वर छत असतंच कुठे वर्षभर? मला हा आक्षेप वरवरचा वाटला होता. पुढे सगळा वाद त्याच्याभोवतीच फिरला.

मामा: सागाचं पान हिवाळ्यात गळायला लागतं ते पावसापर्यंत झाड उघडं. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो तेव्हा अंगावर पान नसतं. आणि हे तुझं गिरिपुष्प? जानेवारी-फेब्रुवारीत गुलाबी फुलांनी लगडतं, तेव्हा फांद्या बोडक्या. म्हणजे बघ, जून ते ऑक्टोबर जमिनीत ओल असते, तेव्हा वर दाट पालवी आणि खाली अंधार. एप्रिल-मेमध्ये ओल संपते, तेव्हा वरून सरळ ऊन. पोराला भूक असते तेव्हा ताट नाही, आणि ताट येतं तेव्हा पाणी नाही.

भाची: हे तुम्ही माझ्या बाजूने बोलताय.

मामा: मी कुणाच्या बाजूने बोलत नाही. रान कसं असतं ते सांगतो.

कोरड्या पानगळीच्या रानात रोपाला सावली मिळते ती चुकीच्या महिन्यांत. पुस्तकांत प्रकाशप्रिय आणि सावली सोसणारी अशी झाडांची विभागणी असते. आर. एस. ट्रूप यांच्या 1921 साली तीन खंडांत आलेल्या भारतीय वनवृक्षांवरच्या ग्रंथात एकेका झाडाच्या रोपाला ऊन, दुष्काळ आणि दहिवर किती सोसतं याच्या नोंदी आहेत. साग पक्का उजेडाचा, लिंब लहानपणी सावली चालवून घेणारा. पण ‘सावली सोसतो’ याला कोणत्या महिन्यातली सावली हे जोडल्याशिवाय मराठवाड्यात अर्थ येत नाही. ऑगस्टमधली सावली आणि एप्रिलमधली सावली रोपासाठी सारखी नव्हे.

भाची यावर नुसती मान डोलावणारी नव्हती. तिने मुळाचा मुद्दा काढला.

भाची: पावसाळ्यात सावलीत वाढलेलं रोप पैसा कुठे घालतं? पानात आणि खोडात. पान रुंद, पातळ. खोड लांब, बारीक. पानांतून गाळून येणाऱ्या उजेडातला लाल रंग वरच्या पानांनी खाल्लेला असतो. पलीकडचा, आपल्या डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद लाल तेवढा खाली उतरतो. उघड्यावर हे दोन लाल जवळपास सारखे असतात, दाट छायेत दुसराच कैक पटींनी जास्त. रोपाच्या अंगात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य आहे, ते हा फरक ओळखतं. शेजारी वाढलाय, पळ वर, असा त्याचा अर्थ. मग मूळ उपाशी राहतं.

मामा: आणि उन्हाळ्यात ते मरतं, तेव्हा आम्ही रजिस्टरला लिहितो पाण्याअभावी मेलं.

भाची: अगदी. एप्रिलमध्ये तहानेने मेलेलं रोप खरं म्हणजे ऑगस्टमध्ये उपाशी राहिलेलं असतं.

मामा गप्प झाले. त्यांच्या नोकरीत किती रोपं ‘पाण्याअभावी’ गेली याचा हिशेब ते मनात करत असावेत, किंवा चहाची वाट बघत असावेत. मामांच्या बाबतीत सांगता येत नाही. मग त्यांनी अंजनाची गोष्ट काढली.

मामा: बुलढाण्यात ज्ञानगंगेच्या बाजूला अंजन आहे. खडकात उगवतो. त्याचं रोप पहिल्या पावसाळ्यात वर दोन-चार पानं काढतं आणि उन्हाळ्यात वाळून जातं. नवा गार्ड असला की मेलं म्हणून सोडून देतो. पुढच्या पावसात त्याच जागी पुन्हा दोन पानं. पुन्हा वाळतं. वर्षानुवर्षं हेच. खाली मात्र मूळ खडकाच्या फटीत उतरत असतं. एकदा ओल सापडली की असा उठतो, की आला कुठून असा प्रश्न पडावा. आम्ही त्याची उंची मोजायचो. मोजायला हवं होतं मूळ.

भाची: पण मामा, त्या दोन-चार पानांना पावसाळ्यात ऊन मिळालं, म्हणून मूळ उतरलं. दाट छायेखाली तोच अंजन खाली उतरलाच नसता. म्हणजे छाटणीला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तुमच्या वेळेला. तुम्ही छाटता उन्हाळ्यात.

मामा: मार्चमध्ये मजूर मोकळे असतात.

भाची: मजूर मोकळे असतात म्हणून रोपाला उन्हात काढायचं?

मामा: तू रोजंदारीचं मस्टर भरलेलं नाहीस कधी.

पण तिचा मुद्दा सुटत नव्हता. सावलीत वाढलेलं पान एकाएकी उन्हात आलं की पांढरट होतं, पिवळे चट्टे पडतात. झेपेल त्यापेक्षा जास्त ऊन आल्यावर हरितद्रव्यच मोडतं. रोपवाटिकेत हिरव्या जाळीखालून रोप सरळ माळावर नेलं की हेच होतं, हे मामांनीच तिला लहानपणी दाखवलेलं. जाळी आठवड्या-आठवड्याने उघडायची, पाणी कमी करत न्यायचं, मगच लावायला काढायचं, ही त्यांची शिस्त होती. 1 जुलैच्या सोहळ्यांना रोपं न्यायला गाड्या यायच्या, तेव्हा ही शिस्त पाळायला कुणाला सवड नसे, अशी त्यांची जुनी कुरकुर आहे. 2019 साली राज्याने 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. त्या आकड्यापुढे एकेका पानाचं करपणं कुणाच्या ध्यानात यावं?

इथून गाडी घनवनाकडे वळणं अटळ होतं.

मामा: तुझ्या मियावाकीत काय वेगळं करतात? चौरस मीटरला तीन-चार रोपं, म्हणजे हेक्टरी 30,000 च्या वर. आम्ही साग लावायचो दोन बाय दोन मीटरवर, हेक्टरी 2,500, आणि पुढे विरळणी करून त्यातली बहुतेक काढायचो. तुझ्या 30,000 मधली शेवटी शे-दोनशेच मोठी होणार. बाकीची उजेडावाचून मरण्यासाठीच लावायची?

भाची: हो. मरण्यासाठीच. रानातही तसंच होतं. दाटीमुळे प्रत्येक रोप वर धावतं. दोन-तीन वर्षांत छत मिटतं, खाली अंधार होतो, गवत मरतं, जमीन गार राहते. अकिरा मियावाकी यांनी 1970 च्या दशकात निप्पॉन स्टीलच्या कारखान्यांभोवती अशी वनं लावली. पोलाद कारखान्यांभोवती, मामा. जालन्यात याहून चपखल काय असणार? आणि ही कल्पना त्यांना सुचली ती देवळांभोवती राखलेल्या जुन्या झाडीवरून.

मामा: म्हणजे देवराई. मग जपानला कशाला जायचं?

भाची: कारण आपण देवराया राखल्या, पण नवी लावली नाही.

मामा: जपानात पाऊस किती?

भाची: सरासरी सतराशे मिलिमीटरच्या आसपास.

मामा: आपल्या दुपटीहून जास्त. आणि तिथलं मूळ रान सदाहरित, वर्षभर पान असणारं. आपलं रान मुळातच विरळ आहे. एका झाडाला दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी लागतं, म्हणून ते अंतर ठेवून उभं असतं. तू 30,000 लावलीस, टँकर लावलास, ठिबक टाकलंस, तीन वर्षं पोसलंस. चौथ्या वर्षी टँकर बंद. मग 2012-13 सारखं साल आलं तर? तेव्हा मोसंबीच्या बागा डोळ्यादेखत वाळल्या. विहिरी असलेल्यांच्या वाळल्या. तुझी काटकुळी, उंच खोडं कोणत्या मुळांवर उभी राहणार?

भाचीकडे याचं पूर्ण उत्तर नव्हतं, आणि प्रामाणिकपणे बोलायचं तर मलाही ते सापडत नाही. घनवन शहरात, कारखान्याच्या आवारात, सांडपाण्याची सोय असलेल्या जागी शोभतं. धुरळा अडवतं, पाखरं आणतं. कोरड्या टेकाडावर हजारो रोपांना उजेडाच्या शर्यतीत पळवायचं आणि पाण्याचा खर्च पुढच्या सरपंचावर टाकायचा, हे मला तरी पटत नाही. पण ‘नुसतं राखा’ ही भूमिकाही पुरत नाही. राखलेल्या त्या टेकाडावर लिंब वर्षानुवर्षं कमरेएवढेच राहिले, हे समोर दिसतं आहे. राखण झाली, पुढचं काम झालं नाही.

मोसंबीवाल्या शेतकऱ्याला हे न शिकवता कळतं. सहा मीटरवर लावलेल्या बागेत पहिली चार-पाच वर्षं तो मधल्या पट्ट्यात मूग, हरभरा घेतो, कारण ऊन जमिनीपर्यंत पोचतं. झाडं एकमेकांना भिडू लागली की आंतरपीक बंद. तिथे कुणी वाद घालत नाही. बागेला मालक असतो आणि टेकाडाला नसतो, म्हणून टेकाडावर वाद होतात.

मामा: एक गोष्ट तुझ्या पुस्तकात नसेल. लिंब उगवतो कुठे? बाभळीखाली, बोरीच्या जाळीत. पाखरू फांदीवर बसतं, निंबोळी खातं, बी खाली पडतं. मोकळ्या माळावर उगवलेला लिंब शेळी खाते. बोरीच्या काट्यात उगवलेला वाचतो. लोक म्हणतात सावलीने वाचला. मी म्हणतो काट्याने वाचला.

भाची: दोन्हीने. बाभळीची सावली विरळ असते, पान बारीक, ऊन झिरपतं, आणि उन्हाळ्यातही ती बहुधा हिरवी असते. म्हणजे जून-जुलैत रोपाला उजेड, मेमध्ये थोडी छाया. गिरिपुष्पाचं नेमकं उलटं. पावसाळ्यात दाट, उन्हाळ्यात बोडकं. तुमच्या खात्यातल्या लोकांनी बाभळीऐवजी गिरिपुष्प का लावलं?

मामा: फांदी खोचली की लागते. गुरं फारसं तोंड लावत नाहीत. लवकर हिरवं दिसतं. वरून पाहणी होते तेव्हा हिरवं दिसायला लागतं.

हे मामांनी हसत सांगितलं. मध्य अमेरिकेतून आलेलं हे झाड खताला चांगलं, बांधावर चांगलं. डोंगरभर एकट्याने लावायला मात्र नाही, हे आता त्यांनाही मान्य आहे.

मग दोघं कामाला लागले, म्हणजे छाटणी कधी आणि कुठल्या बाजूने यावर आले. कधी, यावर फार ताणलं नाही. जूनमध्ये, पहिला चांगला पाऊस पडून जमीन ओली झाल्यावर. तेव्हा आभाळ बरंचसं झाकलेलं असतं, ऊन मवाळ असतं, रोपाला नवी पानं त्या उजेडाला साजेशी काढता येतात. छाटलेला पाला तिथेच रोपांच्या बुडाशी पसरायचा. ओल टिकते, गवत दबतं. गिरिपुष्प ऑक्टोबरपर्यंत पुन्हा फुटतं, आणि मामांच्या पाहण्यात असं आहे की पावसाळ्यात छाटलेल्या झाडाची नवी पालवी नेहमीपेक्षा उशिरापर्यंत टिकते. म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी थोडी छाया पदरात.

बाजूचा प्रश्न मात्र रंगला.

भाची: पूर्वेकडून उघडा. सकाळचं ऊन लिंबाला मिळू द्या. सकाळी हवा दमट असते, पानावरची छिद्रं उघडी असतात. तेवढ्याच उन्हात पाणी कमी उडतं आणि साखर जास्त बनते. दुपारी दोननंतर पान छिद्रं मिटून घेतं. तेव्हाचं ऊन नुसतं तापवतं. पश्चिमेची झाडं उभी ठेवा.

मामा: आणि दक्षिण? डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेला कललेला असतो. दुपारी बाराला झाडाची सावली जवळपास झाडाएवढीच लांब पडते, उत्तरेकडे. दक्षिणेचं झाड काढलंस तर हिवाळ्यात ओल उरलेली असते तेव्हाच ती उडून जाईल.

भाची: मान्य. लोणारच्या विवरात पण बघा, दक्षिण काठाखालचा उतार उत्तरेकडे तोंड करून आहे, हिवाळ्यात त्याला ऊन तिरकं आणि थोडं लागतं. आणि मे महिन्यात?

मामा: मेच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली. पुन्हा जुलैच्या शेवटी. मधल्या दिवसांत तर दुपारी किंचित उत्तरेला असतो. तेव्हा बाजूची झाडं काय सावली देणार? वरचीच फांदी लागते.

भाची: म्हणजे वरची फांदी थोडी ठेवायची, पूर्व उघडायची, दक्षिण आणि पश्चिम राखायची.

मामा: आणि भोवती बोरीचा काटा. तो आधी. नाहीतर तुझा सगळा उजेड शेळीच्या पोटात.

यावर ती हसली, पण वहीत ‘आधी काटा’ असं लिहून घेतलं. तिला टेकाडाचा एक तुकडा न छाटता ठेवायचा आहे, तुलनेसाठी. मामांना तो तुकडा म्हणजे लिंबांवर अन्याय वाटतो. तिला उंचीबरोबर खोडाची जाडी मोजायची आहे, कारण उंच आणि बारीक खोड हे उपासमारीचं लक्षण, बुटकं आणि जाड हे मूळ उतरत असल्याचं. मामांना दोन-चार रोपं मुळासकट उपटून पाहायची आहेत. ती म्हणते, मोजण्यासाठी मारायचं? ते म्हणतात, तुझ्या घनवनात हजारो मरतात तेव्हा?

किती छाटायचं हे अजून ठरलेलं नाही. ती दर झाडाच्या तिसरा हिस्सा फांद्या म्हणते. ते म्हणतात, पूर्वेचं एकेक झाड बुडातूनच घ्या, फुटायचं ते फुटेल. जूनपर्यंत वेळ आहे, आणि मजूर तेव्हा पेरणीला जाणार हे दोघांनाही माहीत आहे.